पंचफुलामावशीची दोन वाडगी

"घाई हाय काय?"

केनवडला रस्त्याच्या कडेला, खताच्या दुकानाला लागून पत्र्याचं एक छोटं हॉटेल आहे. त्याच्या दारात पाय ठेवला की हा प्रश्न अंगावर येतो. चुकून 'हो' म्हणालात तर पुढचं वाक्यही तयारच असतं. "मंग समोर जा. तिथं समोसा तयार हाय. माह्याकडं उकळाले टाइम लागते, अन् खाले त्याच्याहून जास्त लागते."

धंदा करणारं माणूस आपल्या गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानाची वाट दाखवतं, हे मी उभ्या जन्मात तिथंच पाहिलं. मी नोकरीनं कृषी सहायक, स्वभावानं तापट, आणि दुपारी एकच्या सुमारास उपाशी असलो तर विचारूच नका. पहिल्याच दिवशी मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, मावशी, मला पार्सल द्या, मी शेतावर बसून खाईन. तिनं हातातल्या पळीनं बाहेरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, 'कोरियन टोफू रस्सा व भात. पार्सल मिळणार नाही.' शेजारी पेंटरनं सोयाबीनची शेंग काढली होती. ती सरळसरळ तुरीची होती. आता शेंगांवर तर माझं पोट चालतं, मी कसला गप्प बसतोय?

"मावशी, ही तुरीची शेंग आहे."

"शेंग पेंटरनं काढली. रस्सा पेंटरनं नाही केला. बसा."

बसलो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, माझी बदली होईपर्यंत, आठवड्यातून तीनदा तरी बसत आलो.

पंचफुलामावशी साठीची होती. उंची बेताची, चष्म्याला दोरा, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि पायांना विसावा म्हणून नाही. तिच्या हॉटेलात एकच लांब टेबल होतं आणि आठ रंगांच्या आठ प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकाही खुर्चीवर मी तिला कधी बसलेलं पाहिलं नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कॅलेंडर, आणि त्याच्या बाजूच्या फळीवर झाकणाची दोन काळी वाडगी. आम्हा गिऱ्हाइकांना रस्सा यायचा तो गावच्याच कुंभारानं घडवलेल्या मातीच्या वाडग्यांत. पहिली दहाबारा वाडगी गॅसवर तडकली होती म्हणे. मग तिनं प्रत्येक नवं वाडगं भाताच्या पेजेत उकळून काढायला सुरुवात केली, आणि तडकणं थांबलं. फळीवरची दोन काळी मात्र वेगळी. ती रोज पुसायची, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. एकदा मी सहज हात लावायला गेलो तर पळी माझ्या मनगटावर आली.

"ते जोडी हाय. त्याले हात नाही लावाचा."

तर पहिल्या दिवसाचं सांगत होतो. वाडगं समोर आलं तेच मुळी उकळत. टेबलावर ठेवल्यावरसुद्धा बुडबुडे फुटत होते. लालभडक रस्सा, त्यात पांढरे, लिबलिबीत, ढिले गोळे. बाजूला एका ताटलीत कच्चं अंडं. टेबलाच्या मधोमध तीन बशा सगळ्यांच्या मिळून: आंबवलेली तिखट कोबी, तीळ लावलेला पालक आणि मोड आलेले मूग. ज्याला जे हवं ते त्यानं मधून उचलायचं. मी घाईनं चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

"फुका ना आधी. तोंड तुमचंच हाय," मावशी म्हणाली.

दुसऱ्या घासाला जरा शुद्धीवर आलो. तिसऱ्या घासाला गप्प झालो. सुकटीचा वास, कोबीचा आंबटपणा, तिळाचं तेल, आणि तो पांढरा गोळा, जो चावायचाच नव्हता, जिभेवर ठेवला की आपला आपण विरघळत होता. रंग बघून वाटलं होतं कानातून धूर निघेल, पण तिखटाचा झटका नव्हता, नुसती ऊब होती. मी विचारलं हे पांढरं काय.

"सोयाबीन."

"हे? सोयाबीन?"

"मंग काय कापूस हाय?"

तुम्ही वाशिम जिल्ह्यातले नसाल तर तुम्हाला माझी अवस्था कळायची नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन. मी नोकरी लागल्यापासून त्याच्या बीजप्रक्रियेवर, चक्रीभुंग्यावर, पिवळ्या पडणाऱ्या पानांवर गावोगाव भाषणं ठोकत आलो. पण सोयाबीन ही आमची खायची वस्तूच नव्हे. ट्रॉलीत भरायची, विकायची, आणि घरी येऊन तुरीचं वरण खायचं. ज्या पिकाच्या जिवावर पगार घेतला त्याची चव मला चाळिशी उलटल्यावर, एका पत्र्याखाली, जीभ भाजून घेऊन कळली. मला माझीच लाज वाटली आणि मी आणखी एक वाडगं मागितलं.

मी संपवलेलं वाडगं तिनं उचललं, उजेडाकडे तिरपं करून आत पाहिलं, आणि मगच घासायला नेलं. ही तिची खोड होती. प्रत्येकाचं वाडगं ती असं बघायची. कोणी खाली दोन चमचे ठेवले असले तर त्याची खैर नसायची. "काहून राह्यलं? मीठ जास्त झालं? का घरी भांडून आले?" माणसानं कारण दिल्याशिवाय त्याला हात धुवायला जाता येत नसे.

ही विद्या तिनं आणली पुण्याहून. तिची मुलगी सुजाता तिथं असते. तिच्या बाळंतपणाला म्हणून मावशी गेली, ती दोन महिन्यांसाठी. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक कोरियन कुटुंब राहायचं. मुलगा-सून कंपनीत, नातू शाळेत, आणि घरात एकटी म्हातारी. तिला सगळे 'हालमोनी' म्हणत. म्हणजे त्यांच्या बोलीत आजी. म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेजारधर्म म्हणून दुपारी जाऊन बसणारी पंचफुलामावशी कामाला लागून तिथलीच होऊन गेली. आज जाते, उद्या जाते करता करता सात वर्षं.

ती मुळा चिरता चिरता हे सांगायची. "पयल्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून जेवाले लागली. कामाच्या घरी आपण आनखी कुठं जेवतो? म्हातारीनं पाह्यलं. तिले माही बोली येत नव्हती, मले तिची. तिनं चमच्यानं खुर्चीवर टकटक केलं. मी नाही उठली. पुन्हा टकटक. मंग मी बसली तिच्यासमोर. एकाच बशीतून कोबी खाल्ली दोघींनं. साहेब, माह्या आजीले लोकाईनं ओंजळीत वरून पाणी पाजलं हाय. अन् मी टेबलावर बसून परदेशातल्या म्हातारीच्या बशीत चमचा घालून राह्यली!" आणि ती जोरात हसायची. रडून सांगण्यासारखी गोष्ट ती नेहमी हसूनच सांगायची, आणि मग पुढच्या मुळ्याला हात घालायची.

म्हातारीही बुद्धाचीच निघाली. तिच्या मनगटाला मण्यांची माळ असायची. ती घरीच सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध काढायची. गरम दुधात जमवायचं पाणी टाकलं की झाकण घालायचं आणि डोळे मिटून माळ ओढत काहीतरी म्हणायचं. ते म्हणणं संपलं की झाकण काढायचं, दूध नेमकं जमलेलं असायचं. मावशीला ते म्हणणं येणार कुठून? मग तिनं आपलं लावून पाहिलं. बुद्धवंदनेतलं त्रिसरण-पंचशील एकदा म्हटलं तर कच्चं राहतं, तीनदा म्हटलं तर घट्ट होतं. दोनदा, सावकाश, एकेक शब्द स्पष्ट म्हटला, की म्हातारीसारखं मऊ जमतं. केनवडला आल्यावरही तिचं घड्याळ हेच. दुधात लिंबाचं पाणी गेलं, झाकण पडलं, की सगळ्या हॉटेलनं गप्प बसायचं. मी एकदा त्या वेळेला फोनवर एका शेतकऱ्याला फवारणी समजावत होतो. मावशीनं वंदना न थांबवता, नुसत्या भुवया उचलून मला दाराबाहेर घालवलं. रस्त्यावर उभं राहून मी फवारणी पुरी केली.

आमच्या मोठ्या साहेबांचा किस्सा तर आमच्या कार्यालयात अजून चालतो. साहेब पाहणीला आले होते. मी मोठ्या प्रौढीनं त्यांना मावशीकडे नेलं. समोर उकळतं वाडगं आणि ताटलीत अंडं आलं. ते अंडं उकळत्या रश्श्यात फोडायचं असतं, हे मी सांगणार तोवर साहेबांनी बोलणं चालू ठेवून, बघताबघता, अंडं टेबलाच्या कडेवर खाडकन आपटलं. त्यांना वाटलं उकडलेलं आहे, सोलून खावं. अर्धं अंडं खुर्चीवर, अर्धं साहेबांच्या पॅन्टवर. वर्षाचा गोपनीय अहवाल डोळ्यांसमोर दिसायला लागला. मावशी शांतपणे फडकं आणि दुसरं अंडं घेऊन आली.

"खुर्चीनं खाल्लं. आता तुमी खा."

साहेब पोट धरून हसले. दोन वाडगी खाल्ली. त्यानंतर पाहणीचं गाव निवडताना केनवडचं नाव साहेबांच्या तोंडून फारच वेळा यायला लागलं.

आता खरं ते सांगायला हवं. इतक्या लोकांना बसवून खाऊ घालणाऱ्या या बाईच्या टेबलावर एक माणूस मात्र बसत नव्हता. तिचा नवरा.

किसनराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सगळे त्यांना कंडक्टरकाकाच म्हणत. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला ते सायकलवरून यायचे, हॉटेलसमोरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली सायकल लावायचे, दांडीला अडकवलेली पिशवी काढायचे. पिशवीत डबा, डब्यात ज्वारीच्या चार भाकरी, स्वतः थापलेल्या. दोन भाकरी दारातून आत द्यायचे, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता. उरलेल्या दोन झाडाखाली बसून ठेच्याशी खायचे. मावशी तिच्या वाट्याच्या दोन भाकरी शेगडीजवळ उभ्याउभ्या खायची. म्हणजे तिनं शिजवलेलं सगळं गाव खायचं, एक काका सोडून. आणि त्यांनी थापलेलं ती खायची. हे असं रोज.

मला हे कळेना. एके दिवशी मी माझं वाडगं घेऊन काकांपाशी लिंबाखाली जाऊन बसलो. म्हटलं, काका, एक चमचा चाखा.

"तो पांढरा लगदा? आपल्याले नाही चालत," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. काय सुरेख भाकर! कडेपर्यंत एकसारखी, पापुद्रा सुटलेला. मी तोंडभर स्तुती केली. ते म्हणाले, "सात वर्षं प्रॅक्टिस हाय." आणि मग रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघत बसले.

मी आत येऊन मावशीला विचारलं. ती बराच वेळ कोबीला मीठ चोळत राहिली. मग म्हणाली, "लगद्याचं काही नाही, भाऊ. मी तिथं गेली तेव्हा ते ड्युटीवर होते. मंग रिटायर झाले अन् घरात एकटे. बाई मानूस नाही घरात, तं भाकर थापाले शिकले. किती वेळा बोट भाजले, मले सुजातानं सांगतलं. त्याईनं एकदा नाही म्हटलं की घरी ये. म्हटलं असतं तं मी आली असती ना! नाही म्हटलं. पोटात ठेवलं. आता मी आली, तं म्हणते, तू सगळ्याईले वाढ, माह्यं मी पाहून घेईन." तिनं मनगटानं चष्मा वर सरकवला. "ते काळे वाडगे हालमोनीनं देल्ले. म्हातारी कोरियाले परत गेली ना, तेव्हा. एक तुह्यं, एक तुह्या म्हाताऱ्याचं, म्हणे. दोघं समोरासमोर बसून खाजा. मले त्याईले वाढाचं हाय, बस. बाकी मले काही नाही पाह्यजे."

म्हणजे ती फळीवरची जोडी अशी रोज पुसली जात होती, आणि रोज कोरडी राहत होती.

बरं, प्रकरण इथंच थांबलं असतं तर मी ते लिहिलंही नसतं. पण हालमोनी दर महिन्याला व्हिडिओ कॉल करायची. नातू पुण्याच्या शाळेत शिकलेला, हिंदी फाडफाड बोलायचा, तो मध्ये बसून सांगायचा. आणि म्हातारीचा पहिला प्रश्न ठरलेला: म्हाताऱ्यानं खाल्लं का? पहिल्यांदा मावशीच्या तोंडून निघून गेलं, हो, खाल्लं. पुढच्या महिन्यात, हो, रोज खातात. त्याच्या पुढच्या महिन्यात, आवडते त्याईले. दोन वर्षं हे असं वाढत गेलं. आणि एका शुक्रवारी हालमोनी म्हणाली, रविवारी दुपारी फोन करते, मला त्याला खाताना बघायचंय. माझं आता वय झालं, एकदा बघू दे.

मावशीचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "आता काय करू, भाऊ?"

मी एक अत्यंत मूर्खपणाचा तोडगा सुचवला. म्हटलं, टोपी घालून मी बसतो तुमचा नवरा म्हणून.

"एक खोटं झाकाले दुसरं खोटं?" तिनं मला असं काही झापलं की मी खाली बघून कोबी खाल्ली. "अन् तिनं फोटो पाह्यला हाय त्याईचा. तुमी तं पोरासारखे दिसता."

रविवार उजाडला. रविवारी मावशी दुधाच्या दोन खेपा लावायची, कारण गर्दी असायची. मी साडेअकरालाच जाऊन बसलो. काम काही नव्हतं, पण राहवेना. सकाळची खेप जरा पातळच जमली होती, तरी कधीच संपली होती, दुसऱ्या खेपेचं दूध गरम झालं होतं. मावशीनं लिंबाचं पाणी सोडलं, झाकण घातलं आणि वंदना सुरू केली. टेबलावर आम्ही पाच-सहा जण, सगळे गप्प. बाहेर लिंबाखाली सायकल लागल्याचा आवाज आला.

पहिल्यांदा म्हणून झालं. दुसऱ्यांदा म्हणून झालं. झाकण उघडलं आणि मावशी नुसती उभी राहिली. मी उठून पाहिलं. दूध जमलंच नव्हतं. पाण्यात पांढरे बारीक कण फिरत होते, बस.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. कंडक्टरचा आवाज तो, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "चौथं राह्यलं!"

मावशीनं मान वळवली नाही. काका सायकल सोडून दारात आले. उंबऱ्यापाशी थांबले, सवयीनं.

"अवं, चौथं शील गिळलं तू. दोन्ही वेळा गिळलं. सकाळच्या खेपेले मी इथून जात होतो, तेव्हाही गिळलं. परवापासून ऐकून राह्यलो मी. तिसऱ्यावरून उडी मारते अन् पाचव्यावर जाते. मंग काय जमंन ते?"

चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोन दिवस ती बाई त्या ओळीपाशी येत होती आणि ती ओळ तिला तोंडातून निघत नव्हती.

"काहून?" काका म्हणाले.

मावशीनं चष्मा काढला. पदरानं पुसला. परत घातला. "खोटं बोलली मी. हालमोनीले. दोन वर्षांपासून सांगून राह्यली का तुमी खाता."

"मी?"

"रोज खाता म्हटलं."

"रोज?"

"दोन वाडगे."

"दोन!" काकांचा आवाज चिरकला. आमच्यातला एक जण फिस्सकन हसला आणि मी त्याला कोपर मारलं. मावशी मात्र आता थांबणार नव्हती. "हो, दोन! मनात तेच होतं माह्या, तं तोंडातून तेच निंघालं. सात वर्षं तुमाले मी वाढलं नाही, ते माह्या जिवाले रोज टोचते. तुमी डबा देऊन जाता ना, मले वाटते माह्या तोंडात मारून राह्यले. शिव्या द्या ना त्याच्यापेक्षा! दोन शिव्या द्या अन् जेवाले बसा!"

काका दाराची चौकट धरून उभे होते.

"मी लगद्यावर रुसलो काय?" ते हळू म्हणाले. "तू दर फोनले विचारे, गोळ्या घेतल्या काय, लाइट बिल भरलं काय. करमते काय म्हणून एकदा नाही विचारलं."

"करमे काय?"

"नाही."

"मले बी नाही," मावशी म्हणाली.

मग कंडक्टरकाकांनी उंबरा ओलांडला. माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाले, "सरका पुढं, जागा करा." आम्ही सगळे एकेक खुर्ची सरकलो, अगदी एसटीतल्यासारखे. ते बसले, डबा समोर ठेवला. "आण. दोन वर्षांचं खोटं हाय, खरं करून टाकू."

"आज जमलं नाही. पाणी झालं."

"जसं हाय तसं आण."

मावशीनं फळीवरचं एक काळं वाडगं उतरवलं. तेल तापलं, कांदा पडला, सुकटीचं पाणी पडलं, ते फसलेलं दूध पडलं. वाडगं उकळत काकांपुढे आलं, आणि शेजारी भात. काकांनी चमचा उचलला, एक घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवला, डबा उघडला, एक भाकर काढली आणि त्या रश्श्यात कुस्करायला लागले.

आता हे म्हणजे फार झालं. मावशीच्या टेबलावर भाकरीला मनाई होती. भात आणि चमचा, हालमोनीचा कायदा. मागं एकानं खिशातून चपाती काढली तर तिनं त्याला वाडग्यासकट उठवलं होतं. मावशीनं तोंड उघडलं, "अहो, भाताशी—" आणि तसंच मिटलं. काकांनी भाकर नीट भिजवली, बोटांनी कालवली, अंडं त्यातच फोडलं, आणि पाचही बोटांनी जेवायला लागले. त्या पातळ रश्श्याला भाकरच हवी होती जणू. ते खात होते, वर बघत नव्हते.

आणि फोन वाजला. मावशीनं तो मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर हालमोनी. पांढरे आखूड केस, गालांवर सुरकुत्या, चष्मा अगदी मावशीसारखा. ती बघत राहिली. काका खात राहिले. मग ती काहीतरी बोलली आणि नातू म्हणाला, "हालमोनी पूछ रही है, उसमें क्या डाला?"

"भाकर," मावशी मान खाली घालून म्हणाली. "ज्वारी की."

हालमोनी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. नातू सांगत होता, पण तोही हसत होता. म्हातारी म्हणत होती, आम्हीही भात असाच रश्श्यात कालवून खातो, सगळ्यात चांगला तसाच लागतो. पण तुझ्यासमोर नाही खाल्ला कधी. म्हटलं, ही नीट शिकतेय, हिला वाईट सवय नको लागायला!

मावशीनं डोक्याला हात लावला. "सात वर्षं! सात वर्षं मी त्या चमच्यापायी मरून राह्यली!" आणि मग तिला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. काकांनी वाडगं रिकामं केलं, उचलून पडद्याकडे तिरपं केलं, आत बघा म्हणून. हालमोनीनं चष्मा सारखा करून आत पाहिलं आणि मान हलवली. काका मावशीकडे वळून म्हणाले, "दोन म्हटलं होतं ना तू? दुसरं आण."

त्यानंतर दोनेक महिन्यांत माझी मानोऱ्याला बदली झाली. नवीन जागा, नवीन माणसं. भाषणं तीच, पण आता भाषणाच्या शेवटी मी सोयाबीन खायचं कसं तेही सांगतो. लोक म्हणतात साहेब जेवणावर फार बोलतात. बोलतो. पोहरादेवीच्या वाटेवर गर्दीत गाडी अडकली की मला हमखास त्या उकळत्या वाडग्याची आठवण येते आणि मी उगाच हॉर्न वाजवतो.

मागच्या महिन्यात रिसोडला काम निघालं. वाट वाकडी करून केनवडला गेलो. दुपारचा एक वाजला होता, आणि मी कसा असतो त्या वेळी ते तुम्हाला सांगितलंच आहे. पाटीवरची तुरीची शेंग तशीच होती. 'पार्सल मिळणार नाही' तसंच होतं. त्याखाली नव्या रंगात एक ओळ वाढली होती: 'भाकर मिळेल.' लिंबाखाली सायकल नव्हती. ती आत, भिंतीला टेकवलेली होती.

दारात पाऊल टाकलं. टेबलाच्या टोकाला दोन काळी वाडगी समोरासमोर, दोन्हींतून वाफ येत होती. एका बाजूला काका. दुसऱ्या बाजूला, लाल खुर्चीवर, पाय वर घेऊन मांडी घातलेली पंचफुलामावशी. बोटं रश्श्यानं माखलेली, तोंडात घास. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, पण उठली नाही.

"घाई हाय काय?"

"हो मावशी, आज जरा घाईच आहे. भूक लागलीय."

"मंग समोर जा, समोसा हाय," ती म्हणाली आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. "मी जेवून राह्यली."

मी गुपचूप खुर्ची ओढली आणि तिचं जेवण होईपर्यंत बसून राहिलो.